फ्रेंच पुढे सरकत नाही असं वाटतंय? आधी तुमची नोंदवही तपासा

"टीचर, पुस्तकातलं सगळं बरोबर येतं, पण ऑडिओ लावला की काही कळत नाही." फोंड्याला माझ्याकडे फ्रेंच शिकायला येणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली आहे. ए-२ संपत आलं की एकदा येते, बी-१ च्या मध्यावर पुन्हा येते (ए-१, ए-२, बी-१ या भाषा शिकण्याच्या चढत्या पातळ्या). तक्रार करणारे कामचुकार नसतात. मांद्र्याच्या हॉटेलात रिसेप्शनवर उभी राहून रात्री अभ्यास करणारी मुलगी असते, कॅनडाची फाइल लावलेलं जोडपं असतं, दहावीपर्यंत शाळेत फ्रेंच घेऊन नंतर सोडून दिलेला आणि आता परत आलेला कॉलेजचा मुलगा असतो.

प्रगती कशावरून मोजता असं विचारलं की उत्तरं साधारण सारखीच येतात. ॲपवर सलग किती दिवस झाले, किती धडे संपले, आठवड्याला किती तास ऐकलं. या तिन्ही आकड्यांत एक गोष्ट समान आहे: ते शिकलेलं नाही, फक्त केलेलं मोजतात. तुम्ही काहीही न शिकता बसलात तरी वाढतात. धडा ९ मध्ये अँपार्फे (‘करत होतो’सारखा भूतकाळ) ‘झाला’, म्हणून पुढं टिक. पण झाला म्हणजे काय झालं? वाचून झाला, की न विचारता तोंडातून येतो इतका झाला?

माझं म्हणणं सरळ आहे. नोंद किती केलं याची नको, कुठं चुकलं आणि कशामुळे चुकलं याची हवी. एवढं बदललं तरी अडून बसल्यासारखं वाटणं बऱ्याच अंशी जातं, कारण निम्म्या वेळा प्रगती झालेली असते आणि वहीत ती दिसायला जागाच नसते. उरलेल्या निम्म्या वेळा खरंच काही अडलेलं असतं, आणि मग ते नेमकं कुठं ते सापडतं.

आधी दुखणं कानाचं की डोक्याचं ते ठरवा

साधारण एका मिनिटाचा ऑडिओ घ्या, ज्याचा लिखित मजकूर सोबत मिळतो. ए-१, ए-२ वाल्यांनी टीव्ही-फाइव्ह मोंदच्या शिकणाऱ्यांसाठीच्या फुकट साइटवरून घ्यावा. तिथं पातळीनुसार वर्गवारी आहे. बी-१ च्या पुढच्यांना आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं बातमीपत्र चालेल. ते दहा मिनिटांचं असतं आणि मजकूरही मिळतो, त्यातलं एक मिनिट पुरे.

मजकूर न बघता दोनदा ऐका. काय समजलं ते मराठीतच चार ओळींत लिहा. मग ऑडिओ बंद करून मजकूर शांतपणे वाचा.

वाचूनही अर्ध्याहून कमी कळलं तर तुमचा प्रश्न ऐकण्याचा नाहीच. शब्द आणि रचना कमी पडताहेत. कानाचे व्यायाम बाजूला ठेवा आणि एक पातळी खालचा ऑडिओ घ्या.

वाचून जवळजवळ सगळं कळलं, पण ऐकताना नव्हतं कळलं, तर कानाचा प्रश्न आहे. आता तोच ऑडिओ ०.७५ वेगाने लावा. हळू केल्यावर एकदम उलगडला तर शब्द ओळखीचे आहेत, फक्त डोकं मागे पडतं. त्याला रोजचं थोडं थोडं ऐकणं हेच औषध. हळू करूनही तसाच गोंधळ राहिला तर ‘फ्रेंच लोक भरभर बोलतात’ हे तुमचं निदान चुकीचं आहे. वेग हे कारण नाही. शब्द एकमेकांना चिकटून जो वेगळाच आवाज होतो तो तुमच्या ओळखीचा नाही.

हा तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो, आणि क्रियापदांच्या काळांचा गुंता नेमका इथंच होतो.

काळ कानाला का सापडत नाही

फ्रेंच लिहिताना क्रियापदाच्या शेपटाला जेवढी अक्षरं असतात त्यातली बरीच उच्चारात नसतात. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ दोन्ही ‘इल पार्ल’. अँपार्फेमध्ये मी, तू, तो आणि ते या चौघांचीही रूपं कागदावर तीन तऱ्हांनी लिहिली जातात, कानाला एकच येतं: ‘पार्ले’. डोळ्याला दिलेली खूण कानाला दिलेलीच नाही. त्यामुळे जो विद्यार्थी रूपं पाठ करताना शेवटच्या अक्षरांवर भर देतो, तो ऐकताना भलत्याच जागी कान लावून बसतो.

खूण बहुतेक वेळा क्रियापदाच्या आधी असते. ही वाक्यं तोंडाने म्हणून बघा:

ज्य फे (मी करतो) – जे फे (मी केलं)
ज्य दी (मी म्हणतो) – जे दी (मी म्हटलं)
ज्य फिनी (मी संपवतो) – जे फिनी (मी संपवलं)

क्रियापदाचा आवाज तोच. वर्तमान की भूत, हे पूर्णपणे त्या पहिल्या ‘ज्य’ आणि ‘जे’वर आहे. यावर एक उपयोगी खूण सांगते. रोजच्या बोलण्यात ‘ज्य’चा स्वर गळतो. ‘ज्य फे’चं ‘श्फे’ होतं, ‘ज्य स्वी’चं ‘श्वी’ होतं, ‘ज्य न से पा’चं तर चक्क ‘शे पा’. ‘जे’चा ए मात्र टिकतो. म्हणजे सुरुवातीला स्पष्ट ‘ए’ ऐकू आला की भूतकाळ समजा, नुसतं ‘श’सारखं काही सरकन गेलं की वर्तमानकाळ किंवा अँपार्फे. शंभर टक्के चालणारा नियम नव्हे, पण निम्मा गोंधळ मिटवतो.

‘मी खात होतो’ आणि ‘मी खाल्लं’ यांत आणखी एक पेच आहे. पहिलं ‘ज्य मांजे’, दुसरं ‘जे मांजे’. काटेकोर उच्चारात शेवटच्या ए मध्येही फरक असतो, पहिल्यात तोंड जास्त उघडतं. मराठीत असे दोन ए नाहीत, त्यामुळे आपला कान तो फरक धरत नाही, आणि धरायला हवाच असंही नाही. सगळे फ्रेंच लोकही तो पाळत नाहीत. ‘मी बोलेन’ आणि ‘मी बोललो असतो’ ही दोन्ही रूपं अनेकांच्या तोंडून ‘पार्लरे’च ऐकू येतात, तिथं फ्रेंच माणूसही संदर्भावरूनच ओळखतो. मग तुम्ही त्यावर आठवडे का घालवता?

याउलट जिथं फरक ठाम आहे तिथं मात्र सूट नाही. ‘इल झों’ म्हणजे त्यांच्याकडे आहे, ‘इल सों’ म्हणजे ते आहेत. हीच दोन रूपं पासे कोंपोझेत, म्हणजे ‘केलं’सारख्या भूतकाळात, साहाय्यक क्रियापद म्हणून येतात, त्यामुळे झ आणि स मध्ये चुकलात की पुढचं सगळं वाक्य तिरकं होतं. तसंच ‘वां’ (विकतो) आणि ‘वों’ (जातात). नाकातले स्वर पणजीच्या किंवा फोंड्याच्या मुलांना पुण्यामुंबईच्या मुलांपेक्षा लवकर जमतात असं माझं निरीक्षण आहे. घरात मराठी असली तरी बाजारात कोंकणी असते, आणि ‘हांव’ म्हणताना नाकातून स्वर काढायची सवय जिभेला लहानपणापासून असते. अडचण नाकाची नसते, ‘आं’, ‘ओं’ आणि ‘अँ’ वेगळे ठेवण्याची असते.

आणि शब्दांच्या जोडणीबद्दल एकच उदाहरण देते. ‘काल मी बसची वाट पाहत होतो, तेव्हा पाऊस सुरू झाला.’ फ्रेंचमध्ये हे कानाला असं येतं: ‘ईयेर, जातांदे ल ब्युस, कां तिला कोमांसे आ प्लव्वार.’ वर्गात हे लावलं की कुणीतरी हमखास विचारतं, "हे ‘तिला’ काय?" ‘कां’ आणि ‘इल आ’ जोडले गेले, मधला मुका ‘द’ ‘त’ होऊन जिवंत झाला, आणि मराठी कानाने त्यातून ओळखीचा शब्द काढला. पाठीमागे पासे कोंपोझेचं ‘आ’ होतं, ते या गडबडीत गेलं. काळ सुटला तो असा.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. वरच्यासारख्या वाक्यांच्या जोड्या काढा. घरात कुणी वाचून दाखवणारं नसेल तर फोनमधल्या फ्रेंच आवाजाकडून वदवून घ्या. मात्र तो आवाज स्वर गाळत नाही, फारच नीट बोलतो, म्हणून हे सुरुवातीपुरतं. उलटसुलट क्रमाने वीस वाक्यं ऐका आणि फक्त ‘वर्तमान’ की ‘भूत’ एवढंच लिहा. अर्थ नको, स्पेलिंग नको. लक्षात ठेवा, डोळे मिटून ठोकलं तरी वीसपैकी दहाच्या आसपास येतात, त्यामुळे बारा आले म्हणजे काही जमलं असं नाही. सलग तीन वेळा अठरा आले की ती जोडी सोडा आणि पुढची घ्या.

स्वाध्यायात बरोबर, बोलताना चूक

इथं पुस्तकाचा दोष आहे. स्वाध्यायावर लिहिलेलं असतं, ‘कंसातील क्रियापद अँपार्फेमध्ये लिहा.’ कोणता काळ हवा हा खरा अवघड निर्णय पुस्तकानेच घेऊन टाकला; तुम्ही फक्त शेपूट लावलं. बोलताना मथळा नसतो.

म्हणून रूप चुकणं आणि काळाची निवड चुकणं या दोन चुका वहीत वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत. दोन्हींचं औषध वेगळं आहे. ‘प्रांद्र’चं (घेणे) भूतकाळी रूप आठवलं नाही तर कार्ड करून पाठ करा, अँकीसारखं ॲप त्यासाठीच आहे. पण जिथं अँपार्फे हवा तिथं तुम्ही पासे कोंपोझे टाकत असाल तर शंभर रूपं पाठ करूनही चूक जाणार नाही.

निवडीसाठी मराठीचा आधार घ्यायला हरकत नाही. ‘जात होतो’ आणि ‘जायचो’ ही दोन्ही अँपार्फेत जातात. ‘गेलो’ पासे कोंपोझेत. इथपर्यंत सगळे आरामात येतात. घोळ होतो तो ‘गेलो होतो’ला. आपण सर्रास म्हणतो, ‘काल मी पणजीला गेलो होतो.’ त्याच्या आधी-नंतर दुसरी काही घटना नसते, तरी आपण ‘होतो’ लावतो. मग विद्यार्थी इमानेइतबारे प्ल्यु-क-पार्फे लिहितो. फ्रेंचला तिथं साधा पासे कोंपोझे हवा असतो. प्ल्यु-क-पार्फे तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगायची असते: मी स्टँडवर पोचलो तोवर कदंबा निघून गेली होती. मराठी माध्यमातून आलेल्यांच्या वह्यांत ही चूक इतकी नियमाने दिसते की मी तिला वेगळा रकानाच दिला आहे.

शाळेत पोर्तुगीज घेतलेल्यांची अडचण निराळी. त्यांना अँपार्फे पटकन कळतो, कारण तसाच काळ पोर्तुगीजमध्ये आहे. पण पासे कोंपोझे बघितला की त्यांना ‘तेन्यु फालादु’ आठवतं. बांधणी दोन शब्दांची असली तरी पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘अलीकडे वरचेवर बोलत आलोय’ असा होतो, ‘बोललो’ असा नाही. आजोबांकडून पोर्तुगीज उचललेल्यांनी हे विशेष सांभाळावं.

पासे सँप्ल हा काळ वाचताना ओळखता आला की पुरे. तो बोलण्यात जवळपास नाहीच. त्याच्या नोंदी ठेवू नका.

वही कशी आखायची

मोबाइलवर एक्सेल शीट करणारे असतात, करू द्या. मला शंभर पानी वही बरी वाटते, कारण समासात खुणा करता येतात.

आठवड्याला दोनच मोजमापं. पहिलं: ‘या आठवड्यात काय झालं’ यावर दहा वाक्यं, पुस्तक न उघडता. काळ मुद्दाम मिसळून लिहा. मग प्रत्येक चालवलेलं क्रियापद मोजा आणि तपासून घ्या. समजा २४ क्रियापदं झाली, १७ बरोबर आली. उरलेल्या सातांपुढे समासात खूण करा: रूप चुकलं तर ‘रू’, निवड चुकली तर ‘नि’, साहाय्यक क्रियापद चुकलं, म्हणजे एत्रच्या (असणे) जागी आव्वार (जवळ असणे) किंवा उलट झालं, तर ‘सा’, लिंग-वचनाचं चुकलं तर ‘लि’. सातपैकी पाच ‘नि’ असतील तर पुढच्या आठवड्याचा अभ्यास ठरला.

दुसरं मोजमाप श्रुतलेखन. तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा, तीनदा ऐकून लिहायचा, मग मजकुराशी ताडायचा. इथं खुणा तीनच. ‘श’ म्हणजे शब्दच माहीत नव्हता. ‘जो’ म्हणजे माहीत होता, पण जोडणीत हरवला. ‘का’ म्हणजे शब्द धरला, पण काळ भलता ऐकला. आकडे चुकत असतील, आणि नव्वदीतले हमखास चुकतात, तर त्यांना वेगळं पान द्या. त्यांचा व्याकरणाशी संबंध नाही.

तपासणार कोण? श्रुतलेखनाला मजकूर असतोच. दहा वाक्यं मात्र कुणाला तरी दाखवावीत, वर्गातल्या सोबत्याला का होईना. ‘लि’ची चूक स्वतःला सहज दिसते, ‘नि’ची दिसत नाही, दिसली असती तर केलीच नसती.

याखेरीज सुरुवातीलाच एक काम करून ठेवा. एकाच मालिकेतले, एकाच पातळीचे आणि साधारण एकाच लांबीचे सहा तुकडे निवडून एका फोल्डरमध्ये बाजूला ठेवा आणि ऐकू नका. महिन्याला एक उघडा, दोनदा ऐका, श्रुतलेखन करा, गुण मांडा आणि बंद करा. रोजच्या सरावातला तुकडा दहाव्यांदा ऐकताना कळतो तो पाठ झाल्यामुळे. खरा कान किती तयार झाला ते न ऐकलेलाच तुकडा सांगतो. आणि हे मोजमाप नेहमी एकाच इअरफोनवर, घरी, साधारण एकाच वेळी करा. एकदा बसमध्ये, एकदा पत्र्याच्या छपरावर जुलैचा पाऊस कोसळताना, एकदा पहाटे शांततेत, असं केलंत तर ते रोज वेगळ्या काट्यावर वजन केल्यासारखं होईल.

सबटायटल लावून ऐकलेलं या वहीत धरू नका. डोळा कानापेक्षा चपळ आहे, तो वाचून घेतो आणि कानाला श्रेय देतो.

आकडा खाली आला तर

येणारच. एका महिन्यात ७० टक्के, पुढच्यात ६२, असं होतं. एका तुकड्यात एखादं अनोळखी नाव किंवा दोन आकडे आले की चार-पाच टक्के सहज जातात. एकटा आकडा वाचू नका, तीन-तीन महिन्यांची सरासरी ताडा, आणि त्याहून जास्त लक्ष खुणांकडे द्या. एकूण गुण तेवढेच राहून ‘जो’ कमी झाले आणि ‘श’ वाढले, तर ती प्रगती आहे. आधी जे ऐकूच येत नव्हतं ते आता ऐकू येतंय, फक्त अर्थ माहीत नाही. नेमकी हीच अवस्था ‘मी अडलोय’ म्हणून सांगितली जाते, आणि नेमकी याच टप्प्यावर लोक क्लास सोडतात.

खंड पडला तरी वही बिघडत नाही. चवथीला कुणाच्याही हातून अभ्यास होत नाही, आणि ऑक्टोबरपासून किनाऱ्यावरच्या हॉटेलांत काम करणाऱ्यांचा तर सगळा दिवसच दुसऱ्याचा असतो. ॲपवरचा सलग दिवसांचा आकडा शून्यावर येतो आणि माणूस हिरमुसतो. वहीत मात्र फक्त दोन नोंदींमधलं अंतर वाढतं. परत आल्यावर आधी नवा धडा न घेता एक मोजमाप करा. बहुधा रूपं विसरलेली असतात, कान तितका मागे गेलेला नसतो.

परीक्षेचे गुण काय लपवतात

डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेला चार भाग, प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० लागतात आणि कोणत्याही भागात ५ च्या खाली जायचं नसतं. आता हिशेब करा. लिहिण्या-वाचण्यात चांगले गुण मिळवून ऐकण्यात २५ पैकी ८ असले तरी माणूस आरामात पास होतो. प्रमाणपत्र हातात येतं, पुढच्या पातळीचा वर्ग सुरू होतो, आणि कानाची उधारी तशीच पुढे चालू राहते. म्हणून निकाल आला की एकूण बघू नका, ऐकण्याचा भाग बघा. बारापेक्षा कमी असतील तर पुढच्या पातळीचं व्याकरण सुरू करा, पण ऐकायला महिना-दोन महिने जुन्याच पातळीचं घ्या.

कॅनडासाठी टीसीएफ ही फ्रेंचची चाचणी देणाऱ्यांना ही सवलतही नाही. तिथं ऐकण्याचे ३९ प्रश्न ३५ मिनिटांत असतात आणि उतारा एकदाच ऐकवतात. डेल्फच्या ए-१ ते बी-१ पातळीत उतारे दोनदा ऐकायला मिळतात, त्या सवयीने गेलात तर फसाल. या मंडळींनी वर सांगितलेल्या महिन्याच्या तुकड्याचे गुण पहिल्याच ऐकण्यावर मांडावेत आणि दुसऱ्या ऐकण्याचे शेजारी वेगळे लिहावेत. दोन्हींतलं अंतर कमी होत जाणं हीच त्यांची प्रगती.

तीन महिने असं करूनही ‘जो’ आणि ‘का’ अजिबात हलले नाहीत, तर वहीपेक्षा ऐकण्याचा खुराक बदला. नुसत्या बातम्या ऐकणाऱ्याला ‘शे पा’ कधी भेटतच नाही, कारण निवेदक नीट बोलतात. दोन माणसांच्या गप्पांचं रेकॉर्डिंग घ्या. पणजीच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये किंवा विद्यापीठाच्या फ्रेंच विभागात बोलणारी माणसं सापडतात. हिवाळ्यात हरमल-मांद्र्याच्या बाजूला तर फ्रेंच कुटुंबं भाजी घेताना दिसतात. त्यांच्याशी बोलताना पहिली पाच मिनिटं आपण काहीच न बोलता नुसतं ऐकलं तरी चालतं. त्यांना तेवढंच हवं असतं.